परकीय भाषेचा ऑनलाइन वर्ग : काय बदलावे, काय राखावे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले खारेपाटण आज कणकवली तालुक्यातील एक बाजारपेठेचे गाव म्हणून ओळखले जाते. हजार वर्षांपूर्वी मात्र विजयदुर्गच्या खाडीतून आत येणाऱ्या व्यापाराशी त्याचा निकटचा संबंध होता. येथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील ताम्रपटात, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण इतके उत्पन्न देवस्थानाकडे लावून दिल्याची नोंद आहे. जहाजे येत होती, त्याअर्थी वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसेही या परिसरात येत असली पाहिजेत.

काळाच्या ओघात हा व्यापार संपला आणि परक्या भाषांशी असलेला हा संबंधही तुटला. इंग्रजी राजवटीत भाषा शिकण्यासाठी गाव सोडून मुंबई गाठावी लागे. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. अनेक देशी-परदेशी भाषांवर प्रभुत्व मिळवणाऱ्या या विद्वानाने ६ जानेवारी १८३२ रोजी मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ‘दर्पण’ सुरू केले, तेही मुंबईतूनच. त्यानंतर जवळजवळ दोन शतके परिस्थिती फारशी बदलली नाही. खारेपाटणच्या विद्यार्थ्याला जर्मन, जपानी किंवा फ्रेंच शिकायची असेल तर सुमारे चारशे किलोमीटरवरील मुंबई, नाहीतर पुणे, किंवा भुईबावडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोवा, असे मोजकेच पर्याय असत. वर्गाच्या शुल्कापेक्षा तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च अधिक होई. दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग सातत्याने राज्यात आघाडीवर राहतो; परंतु या गुणवत्तेला परकीय भाषेची जोड द्यायची तर आधी शहरात बिऱ्हाड करणे भाग होते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा-महाविद्यालये आणि खासगी वर्ग बंद झाले. परकीय भाषांच्या संस्थांना काही आठवड्यांच्या आत आपले अध्यापन संगणकाच्या पडद्यावर न्यावे लागले. संकटकाळातील तडजोड म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था साथ ओसरल्यानंतरही टिकून राहिली. पुण्या-मुंबईतील विद्यार्थ्यासाठी ती एक सोय आहे. खारेपाटणसारख्या गावातील विद्यार्थ्यासाठी ती कित्येकदा एकमेव संधी असते. म्हणूनच एखाद्या भाषासंस्थेने ऑनलाइन अध्यापन सुरू करताना ते कोणत्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखावे, हा प्रश्न कळीचा ठरतो.

दूरस्थ भाषाशिक्षणाची परंपरा

शिक्षकापासून दूर राहून भाषा शिकण्याची कल्पना नवी नाही. १८५६ मध्ये बर्लिन येथे तूसाँ आणि लांगेनशाइट यांनी फ्रेंच भाषेचे धडे पत्रांच्या रूपाने घरोघरी पाठवण्यास प्रारंभ केला. उच्चार कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी खास चिन्हपद्धती वापरली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या लिंग्वाफोन कंपनीने ध्वनिमुद्रणाच्या साह्याने भाषा शिकवण्यास सुरुवात केली आणि शिकणाऱ्याला परकीय आवाज प्रत्यक्ष ऐकू येऊ लागला. १९४३ पासून बीबीसीने नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ प्रसारित केले. पुढे ध्वनिफिती, चित्रफिती आणि संगणकाच्या तबकड्या आल्या.

या सर्व साधनांत एक उणीव समान होती. शिकणारा ऐकू शकत होता, वाचू शकत होता. परंतु त्याने उच्चारलेले वाक्य बरोबर की चूक हे सांगणारे पलीकडे कोणी नव्हते. इंटरनेटवरील प्रत्यक्ष वर्गाने ही उणीव प्रथमच भरून काढली. ऑनलाइन अध्यापनाचे खरे मूल्य येथे आहे. भाषासंस्थेने केवळ व्याख्याने मुद्रित करून विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर ती ध्वनिफितीच्या युगातच परत जाते.

२०२० : पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात परकीय भाषाशिक्षणाचे प्रमुख केंद्र म्हणजे पुणे. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागाने जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी आणि स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. जर्मनसाठी गटे इन्स्टिट्यूट अर्थात मॅक्समुलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज यांची केंद्रे पुण्यात आणि मुंबईतही आहेत. जपानी भाषेची तर पुण्यात स्वतंत्र परंपराच निर्माण झाली असून अनेक लहान-मोठे वर्ग तेथे चालतात.

या संस्थांपैकी काहींकडे टाळेबंदीपूर्वीच ऑनलाइन साधने होती. गटे इन्स्टिट्यूटचे इंटरनेटवरील अभ्यासक्रम उपलब्ध होते. जपान फाउंडेशनने २०१६ मध्येच ‘मिनातो’ हे जपानी भाषेचे शिक्षणस्थळ सुरू केले होते. ‘मिनातो’ या जपानी शब्दाचा अर्थ बंदर असा आहे. भारत सरकारच्या ‘स्वयम्’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात चेन्नईच्या आयआयटीचा जर्मन आणि कानपूरच्या आयआयटीचा जपानी भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम समाविष्ट झाला. तथापि ही साधने मुख्य वर्गाला पूरक म्हणून किंवा स्वयंअध्ययनासाठी वापरली जात. संपूर्ण वर्गच पडद्यावर घेण्याची वेळ बहुतेक शिक्षकांवर २०२० मध्ये प्रथमच आली.

पहिल्या टप्प्यात बहुतेकांनी वर्गातील तास जसाच्या तसा झूम किंवा गूगल मीटवर नेला. दीड-दोन तासांची तासिका, फळ्याऐवजी पडद्यावरील मजकूर, वीस-पंचवीस विद्यार्थी आणि त्यांतील बहुतेकांचे कॅमेरे बंद. इतिहास किंवा अर्थशास्त्राचा तास अशा रीतीने कसाबसा निभावला जाऊ शकतो. भाषेच्या तासाला ते परवडत नाही, कारण तेथे शिक्षकाचे बोलणे हे साधन आणि विद्यार्थ्याचे बोलणे हे साध्य असते.

बोलण्याच्या वेळेचे गणित

एक साधा हिशेब पाहू. नव्वद मिनिटांच्या वर्गात २४ विद्यार्थी आहेत आणि निम्मा वेळ शिक्षक बोलतात असे मानले, तर उरलेल्या ४५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. प्रत्यक्ष वर्गात ही उणीव काही अंशी भरून निघते. शिक्षकांमागोमाग सर्वांनी एकसुरात वाक्य म्हणणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे, मधल्या सुटीत नव्या भाषेत थट्टा करणे, अशा अनेक वाटांनी भाषा तोंडात रुळते.

ऑनलाइन वर्गात या वाटा बंद होतात. सर्वांनी एकत्र म्हणणे तर जवळजवळ अशक्यच असते, कारण प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोहोचतो आणि एकसुराऐवजी गोंगाट होतो. नेहमीच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतके असते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये. जोडणी क्षीण असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि नवखा विद्यार्थी हळूहळू गप्प बसणे पसंत करतो.

यावर उपाय आहे. त्याच वर्गातील तीस मिनिटे विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या स्वतंत्र खोल्यांत पाठवले, तर प्रत्येकाला जवळपास पंधरा मिनिटे बोलण्यास मिळतात. झूमसारख्या प्रणालीत ही सोय आहे. मात्र तिच्या वापराला पूर्वतयारी लागते. ‘आता आपसांत बोला’ एवढी सूचना पुरत नाही. कोणी काय विचारायचे, कोणती वाक्यरचना वापरायची, परत आल्यावर काय सांगायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. एकाकडे रेल्वेचे वेळापत्रक आणि दुसऱ्याकडे प्रवाशाची गरज दिली, तर प्रश्न विचारल्यावाचून काम पूर्णच होत नाही. व्याकरणाचे विवेचन आणि शब्दसंग्रह विद्यार्थ्याने छोट्या ध्वनिचित्रफितीतून आधीच पाहून यावा आणि प्रत्यक्ष तासात केवळ वापर व्हावा, ही विभागणी भाषेच्या ऑनलाइन वर्गाचा कणा ठरते.

मराठी कान आणि परकीय ध्वनी

उच्चारांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याकडे उपजत भांडवल असते. जर्मनमध्ये ‘वेळ’ या अर्थाच्या ‘त्साइट’ या शब्दाचा आरंभीचा ध्वनी म्हणजे मराठीतील ‘चाक’मधला ‘च’ होय. इंग्रजीभाषकाला शब्दारंभी जो ध्वनी कष्टाने साधावा लागतो, तो मराठी मुलाच्या तोंडी जन्मापासून असतो. जर्मनची तीन लिंगे पाहून इंग्रजी माध्यमातून शिकणारा गोंधळतो. ‘तो दगड, ती नदी, ते झाड’ म्हणणाऱ्याला ती कल्पना परकी वाटत नाही, शब्दांची लिंगे तेवढी नव्याने पाठ करावी लागतात. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते आणि विभक्तीसदृश प्रत्यय नामानंतर लागतात. मालवणी बोलीत अनुनासिक स्वर आजही जिवंत असल्याने फ्रेंचमधील नाकातून उच्चारले जाणारे स्वर सिंधुदुर्गातील विद्यार्थ्याला तुलनेने लवकर सापडू शकतात. हे साम्य दाखवून शिकवणारा मराठी शिक्षक विद्यार्थ्याची अर्धी भीती घालवतो.

अडचण येते ती सूक्ष्म भेदांच्या ठिकाणी. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि मधला ‘बा’ लांबवला की आजी. ‘किते’ आणि ‘कित्ते’ हे दोन निराळे शब्द आहेत; दुसऱ्याचा अर्थ टपालाचे तिकीट. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ यांत भेद करणाऱ्या मराठी कानाला हे तत्त्व लगेच कळते. परंतु तुटक जोडणीत ध्वनीचा एखादा तुकडा गळाला, तर नेमकी हीच लांबी हरवते. जर्मनमध्ये ‘मी’ या अर्थाच्या शब्दाचा अंत्य ध्वनी मराठी ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे. अशा घर्षक ध्वनींची ओळख उच्च वारंवारितांवर अवलंबून असते आणि हलक्या प्रतीच्या माइकमध्ये व आवाज आकुंचित करणाऱ्या प्रणालीत त्यांचीच हानी आधी होते. विद्यार्थी चुकला की यंत्र, हे शिक्षकाला ठरवता येत नाही.

म्हणून संस्थेने दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. पहिली, प्रत्येक धड्यातील ध्वनी स्वच्छ मुद्रित करून आधीच उतरवून घेता येतील अशा स्वरूपात द्यावेत. दुसरी, विद्यार्थ्याने आपल्या आवाजातील मुद्रण फोनवर करून पाठवावे आणि शिक्षकाने ते ऐकून दुरुस्ती कळवावी. भ्रमणध्वनीवर केलेले असे मुद्रण चालू वर्गातील तुटक आवाजापेक्षा बहुधा अधिक स्पष्ट असते. पडद्याचा एक लाभही येथे नोंदवला पाहिजे. जर्मनमधील एक स्वर उच्चारताना ओठ ‘ऊ’साठी गोल करून जिभेने ‘ई’ म्हणावे लागते. शेवटच्या बाकावरून न दिसणारे शिक्षकांचे ओठ पडद्यावर सर्वांना सारख्याच अंतरावरून दिसतात.

जोडणीचा प्रश्न

ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत जोडणीचा विषय बहुधा शेवटी येतो. कोकणात तो आधी विचारात घ्यावा लागतो. २०२० च्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातच एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने घराजवळच्या डोंगरावर, जेथे नेटवर्क मिळत होते तेथे, झोपडी उभारून अभ्यास केल्याचे वृत्त राज्यभर गाजले. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण वर्गाची आखणी विद्यार्थ्याने डोंगर चढावा या गृहीतावर करता येत नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेच्या तारा व खांब कोसळले आणि अनेक गावे अंधारात राहिली. पावसाळ्यातील वीजखंड तर नित्याचाच.

डेटाचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या गतीने चित्रसंवाद चालला, तर तासाला ४५० मेगाबाइट आणि दीड तासाच्या वर्गाला ६७५ मेगाबाइट डेटा लागतो. आठवड्यातून तीन वर्ग धरले तर बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी सुमारे २४ गिगाबाइट. त्याच दीड तासाचा केवळ ध्वनिसंवाद ६४ किलोबिट गतीने झाला तर अवघे ४३ मेगाबाइट पुरतात, म्हणजे चित्रसंवादाच्या जेमतेम पंधरावा हिस्सा. घरात एकच फोन आणि दिवसाला ठराविक डेटा असेल, तर हा फरक वर्गात राहणे आणि वर्ग सोडणे यांतला फरक ठरतो.

यातून आखणीचे एक सूत्र निघते. वर्ग सर्वांत कमकुवत जोडणी असलेल्या विद्यार्थ्यासाठी आखावा. वेगवान जोडणी असलेल्याचे त्यात काही बिघडत नाही. याउलट, पुण्यातील ब्रॉडबँड गृहीत धरून आखलेला वर्ग खारेपाटणच्या विद्यार्थ्याला नावनोंदणी करू देतो आणि तिसऱ्या आठवड्यात बाहेर घालवतो. पाठाचा मजकूर आदल्या दिवशी पाठवणे, चित्र बंद करून केवळ आवाजावर सहभागी होण्याची मुभा देणे, जोडणी तुटलेल्या विद्यार्थ्यासाठी तासाचे मुद्रण लहान आकारात उपलब्ध करणे आणि साध्या दूरध्वनीवरून तोंडी सराव घेणे, या गोष्टींना मोठा खर्च येत नाही. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करण्यापूर्वी त्यामागे विद्यार्थ्याचा डेटा आणि घरातील एकच खोली या दोहोंचा विचार व्हावा.

शिक्षकांची तयारी

वर्गात वीस वर्षे उत्तम शिकवलेला शिक्षक पडद्यासमोर अडखळतो, यात त्याच्या ज्ञानाची उणीव नसते. समोरचे चेहरे वाचून वेग कमी-अधिक करण्याची त्याची सवय येथे निरुपयोगी ठरते. ‘समजले का’ या प्रश्नाला ऑनलाइन वर्गात उत्तर येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने एका ओळीचे वाक्य लिहून पाठवावे असे सांगितले, तर कोणाला काय समजले ते एका मिनिटात दिसते. अशी तंत्रे शिकवावी लागतात आणि त्यासाठी संस्थेने शिक्षकांना सरावाचा वेळ द्यावा लागतो.

कामाचा भारही बदलतो. मुद्रणे ऐकणे, वह्यांची छायाचित्रे तपासणे, संदेशांना उत्तरे देणे हे काम तासाबाहेर वाढते. केवळ तासिकेवर मानधन देणाऱ्या संस्थेत हा वेळ हिशेबात धरला जात नाही आणि मग पहिली काटछाट नेमकी याच दुरुस्तीच्या कामाला लागते. पडद्यावर विद्यार्थिसंख्या वाढवणे संस्थेला सोपे असते, कारण खुर्च्या लागत नाहीत. भाषेच्या वर्गासाठी हा मोह घातक आहे. बारा-पंधरांपेक्षा अधिक विद्यार्थी घेतले की प्रत्येकाचा आवाज ओळखणे शिक्षकाला कठीण जाते.

लेखनाकडेही लक्ष हवे. जपानी चित्रलिपीतील अक्षरे ठराविक क्रमाने रेघा काढून लिहिली जातात. फोनवर ध्वनीनुसार टंकलेखन करून अक्षर निवडता येत असल्याने हाताने लिहिण्याची सवय लागत नाही. वहीवर लिहून त्याचे छायाचित्र पाठवण्याची जुनाट वाटणारी रीत म्हणूनच ऑनलाइन वर्गातही राखण्याजोगी आहे.

परीक्षा मात्र शहरातच

शिक्षण घरापर्यंत आले तरी मान्यताप्राप्त परीक्षा अद्याप मोठ्या शहरांतच होतात. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक चौकटीनुसार भाषाज्ञानाच्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. जर्मनच्या ए१ पायरीसाठी विद्यार्थ्याच्या पूर्वतयारीनुसार ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, असा गटे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही कौशल्यांची कसोटी होते, १०० पैकी ६० गुण उत्तीर्णतेसाठी आवश्यक असतात आणि संभाषणाची परीक्षा परीक्षकांसमोर बसून द्यावी लागते. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेतही तोंडी भाग आहे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जुलै २०२० ची ही परीक्षा साथीमुळे जगभर रद्द झाली, तेव्हा शिकवणे ऑनलाइन होऊ शकले तरी प्रमाणपत्र अडू शकते, याचा प्रत्यय हजारो विद्यार्थ्यांना आला.

जपानी परीक्षेचे एक वैशिष्ट्य संस्थांनी ध्यानात ठेवावे. तीत संभाषण किंवा लेखन नसते. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. त्यामुळे केवळ परीक्षा उत्तीर्ण करून देणारा ऑनलाइन वर्ग विद्यार्थ्याला एकदाही तोंड न उघडू देता यशस्वी ठरू शकतो. अशा वर्गाचा निकाल चांगला लागतो. मुलाखतीत मात्र उमेदवार गप्प राहतो.

भाषेशी निगडित संधी वाढत असल्याने हा मुद्दा गंभीर आहे. जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठी सामान्यतः ए१ पातळीचे जर्मन २००७ पासून आवश्यक आहे, तर परिचारिकेच्या कामासाठी साधारणतः बी२ पातळीची अपेक्षा असते. विशिष्ट कौशल्यप्राप्त कामगारांसाठी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्याबरोबर उमेदवारांच्या जर्मन भाषाशिक्षणाचा प्रश्न पुढे आला. रुग्णाच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला पर्यायी उत्तरांतून निवड करता येत नाही. ऐकून लगेच बोलावे लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. येथे राहूनच परदेशी पाहुण्यांशी व्यवहार करू इच्छिणाऱ्यांनाही गरज आहे ती बोलत्या भाषेचीच.

संस्थेसाठी काही टप्पे

ऑनलाइन अध्यापन सुरू करू इच्छिणाऱ्या संस्थेने सर्व अभ्यासक्रम एकाच वेळी पडद्यावर नेऊ नयेत. एक पायरी, एक शिक्षक आणि दहा-बारा विद्यार्थी घेऊन प्रथम प्रायोगिक वर्ग घ्यावा. त्यात जाणीवपूर्वक दोन-तीन विद्यार्थी ग्रामीण भागातील असावेत, म्हणजे आखणीतील दोष लवकर उघड होतात. नव्वद मिनिटांच्या सलग तासाऐवजी पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचे अधिक तास ठेवल्यास अवधान टिकते आणि जोडणी तुटल्यास नुकसानही कमी होते. साधने मोजकी ठेवावीत. प्रत्यक्ष वर्गासाठी एक, पाठ आणि गृहपाठ ठेवण्यासाठी मूडलसारखी एक मुक्त प्रणाली आणि निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप एवढे पुरेसे आहे. नवनवीन उपयोजनांच्या गर्दीत विद्यार्थ्याचा वेळ भाषेऐवजी यंत्र समजून घेण्यात जातो.

शक्य तेथे मिश्र पद्धत अधिक हितकारक ठरते. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात दोन-तीन दिवसांचे एखादे प्रत्यक्ष शिबिर घेतले, तर पुढील ऑनलाइन तासांत संकोच उरत नाही. असे शिबिर पुण्यातच व्हावे असे नाही. कणकवली किंवा खारेपाटण येथील एखाद्या शाळेची सुटीतील वर्गखोली त्यासाठी चालू शकते. गावातील ग्रंथालयाने किंवा विद्यालयाने स्थिर जोडणी असलेली एक शांत खोली संध्याकाळी उपलब्ध करून दिली, तर चार-पाच विद्यार्थी एकत्र बसून ऑनलाइन वर्ग करू शकतात आणि तास संपल्यावर आपसांत सरावही होतो.

विद्यार्थ्याने काय पाहावे

वर्गाची निवड करताना जाहिरातीतील ‘तीस दिवसांत’ अशा आश्वासनांपेक्षा काही साधे प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. एका वर्गात किती विद्यार्थी असतात? प्रत्येकाला तासाला किती वेळ बोलण्यास मिळतो? आवाजाच्या मुद्रणाची दुरुस्ती कोण करते? तास चुकल्यास काय सोय आहे? अभ्यासक्रम कोणत्या मान्यताप्राप्त पायरीशी जोडलेला आहे आणि परीक्षा कोठे द्यावी लागेल? शुल्काच्या जोडीला डेटा, परीक्षाशुल्क आणि परीक्षेसाठी शहरात जाण्या-राहण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा.

जर्मनच्या दॉइचे वेले या प्रसारण संस्थेचे पाठ, ‘मिनातो’वरील स्वयंअध्ययनाचे अभ्यासक्रम आणि ‘स्वयम्’वरील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. भाषा आपल्याला रुचते की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी त्यांतून पडताळता येते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनांशी संवाद साधून सराव करण्याची सोयही झाली आहे. लाजाळू विद्यार्थ्याला तेथे चुकण्याचे भय वाटत नाही. मात्र एकट्याने सुरू केलेले विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जगभर अत्यल्प आढळते. मंगळवारी सात वाजता कोणीतरी नाव घेऊन आपल्याला प्रश्न विचारणार आहे, ही जाणीव अभ्यासाला बसवते आणि ती वर्गच देऊ शकतो.

ऑनलाइन वर्गाची वाट दोन्ही दिशांनी चालू शकते, ही बाब अद्याप फारशी विचारात घेतली गेलेली नाही. पुण्यात राहून उच्च पायरीपर्यंत भाषा शिकलेली कोकणातील मुलगी आता गावी परतून तेथून शिकवू शकते. तिचे विद्यार्थी नाशिकचे असतील किंवा नागपूरचे, आणि शेजारच्या घरातील मुलगा तिच्या ओटीवर बसूनच पहिले जर्मन वाक्य म्हणेल. एकेकाळी या गावाच्या दिशेने परदेशी जहाजे येत आणि त्यांच्यामागे सोन्याचे गद्याण ठरलेले असे. आजच्या विद्यार्थ्याला वर्गाचे शुल्क, सुमारे २४ गिगाबाइट डेटा आणि परीक्षेसाठी पुणे-मुंबईची एक फेरी एवढे मोल मोजावे लागते. त्याच्या मोबदल्यात त्याला बोलण्याची पंधरा मिनिटे मिळतात की दोन, हे वर्ग आखणाऱ्या संस्थेच्या हाती आहे.